वरून दाबून धरा

बसा हो, चहा येतोय. मकसूदमिस्त्रींच्या घरी निघालाच आहात, तर त्यांच्या जहाजाची गोष्ट ऐकूनच जा.

पानशेतचा पूर येऊन दोन वर्षं झालेली. सदाशिव पेठेतल्या एका शाळेच्या पटांगणात पत्रा पसरलेला, पत्र्यावर बर्फाच्या दोन लाद्या, अन् मधे मिस्त्रींचं जहाज. हातभर लांब, तीन डोलकाठ्या, मांजरपाटाची शिडं. मिस्त्री त्या शाळेत सुतारकाम शिकवायचे. सहा वर्षं झाली, तरी हंगामीच. "अध्यक्षांसमोर जहाज नीट चिरडलं, की तुमच्या कायमचं बोलतो," असं बाळसरांनी कबूल केलेलं. बाळसर भूगोलाचे. त्यांना पोरांना ध्रुवावरच्या बर्फाची ताकद दाखवायची होती.

घोटाळा एवढाच, की सरांनी नमुन्याला चित्र दिलं ते फ्रामचं. हे शिडाचं जहाज उत्तरेच्या बर्फात तीन वर्षं अडकलं अन् धड परत आलं. बूड गोल, निम्म्या नारळासारखं. बर्फानं दाबलं की वर सरकायचं. अन् मिस्त्रींना खोटं काम येतच नव्हतं. चित्रात होतं तसंच बूड काढलं, आतल्या फासळ्यासुद्धा सागवानाच्या बसवल्या.

सरांनी शिट्टी मारली. दोन्हीकडून हमालांनी लाद्या रेटल्या. जहाज टुणकन वर आलं नि लाद्यांवर जाऊन बसलं. पोरं हसली. मिस्त्रींनाही हसू फुटलं, पण त्यांनी पटकन तोंडावरून हात फिरवला.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

अध्यक्ष सर्जेरावांनी घड्याळ बघितलं. "काय हो बाळ, बर्फाची ताकद बघायला बोलावलंत का सुताराची?"

सरांचे कान लाल झाले. "मिस्त्री, वर येऊ देऊ नका त्याला. वरून दाबून धरा."

"सर, ते तसं दबायचं नाही. ते बनलंच..."

"कायम तुम्हाला व्हायचंय का जहाजाला?"

मिस्त्रींनी डोलकाठ्यांच्या मधे उजवा हात ठेवला. सहा महिने रंधा मारलेलं लाकूड, गालासारखं गुळगुळीत. लाद्या आल्या. जहाज खालून हाताला ढुशा द्यायला लागलं, वासरू देतं तशा. मिस्त्रींनी डोळे मिटले अन् सगळ्या अंगाचा भार टाकला.

कडाड वाजलं. मग अजून एकदा वाजलं, बारीक.

टाळ्या पडल्या. पत्र्यावरचं पाणी तांबडं दिसलं, तेव्हा थांबल्या.

अध्यक्ष उठले. जाताना सरांना हळूच म्हणाले, मिस्त्रींना ऐकू जाईल इतकंच हळू: "माणूस गुणी आहे हो. पण असल्या हातानं आता शिकवणार काय?"

घ्या, चहा घ्या. तिथं गेलात की सुगराबीभाभी सरबत करतील. ग्लास मिस्त्री स्वतः पुढं करतील, डाव्या हातानं. उजव्याकडं बघत बसू नका. अन् एवढं एक करा माझ्यासाठी, आत शिरल्या शिरल्या भाभींना सांगा: सरबतात बर्फ नको.