कापलेलं पान

करार मान्य की नामंजूर, हे विडीच्या पानावर ठरणार होतं. अख्खं पान टाकलं तर मान्य, कापून टाकलं तर नामंजूर. कारखान्यातल्या बासष्ट बायकांत लिहिता येणाऱ्या तिघी, आणि हात वर करायला सांगावं तर सासू-सून एकाच सतरंजीवर. म्हणून युनियनच्या विष्णुपंतांनी ही युक्ती काढली. देवळामागच्या खोलीत भिजवलेल्या पानांची चवड ठेवली. एकेकीने आत जायचं, वाटलं तर आपल्या कात्रीने पान कापायचं आणि माठात टाकायचं. गुप्त मतदान! पंत स्वतःवरच खूश होते.

संपाला सात आठवडे झाले होते, त्यात हा दुष्काळ. बायका संगमनेरबाहेरच्या रस्त्यावर खडी फोडत होत्या आणि सरकारी सुकडीवर पोरं जगवत होत्या. आता कुठे मालक नमला होता. मजुरी वाढणार होती, आठवड्याची सुट्टी भरपगारी होणार होती. एक सातवं कलम तेवढं वाईट होतं. दिवसाला सातशेच्या आत विड्या वळणारीचं नाव हजेरीवरून जाणार. अशा पाच जणी होत्या, पाचही म्हाताऱ्या. त्यातली एक राहीबाई. आणि दारोदार फिरून "मान्य करा बायांनो, आता ताणलं तर तुटंल" असं सांगणारी युनियनची पुढारीण विजयमाला तिचीच सून.

मतदानाला निघताना राहीबाईने कमरेची कात्री काढून खुंटीला अडकवली. तीस वर्षांत ती कात्री दिवसाउजेडी कमरेवरून उतरली नव्हती.

"आत्याबाई, कात्री ऱ्हायली की," विजयमाला म्हणाली.

"आख्खं पान टाकाया कात्री कशाला लागती?" राहीबाई म्हणाली आणि वहाणा शोधू लागली.

विजयमाला खोलीत सगळ्यांत शेवटी गेली. पुढारणीला एक पान टाकायला एवढा वेळ का लागला, हे बाहेर कुणाच्या ध्यानात आलं नाही.

पंतांनी माठ उपडा केला. सत्तावन्न पानं अख्खी, पाच कापलेली. करार मान्य झाला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पाच म्हाताऱ्या, पाच कापलेली पानं, सगळ्यांना समजायचं ते समजलं.

पण पंतांनी ती पाच पानं सतरंजीवर मांडून ठेवली, तिथे घोटाळा झाला. जन्मभर पानं कापलेल्या बायका त्या. त्यांना अक्षर कळत नसेल, काप कळतो.

"ह्ये छबूबाईचं. ह्ये चांगुणाचं."

"अहो बायांनो, गुप्त आहे, गुप्त!" पंत कळवळून सांगत होते. पण ऐकतं कोण?

पाचवं पान मालनबाईने उचललं. त्याचा एक कोपरा शिरेकडे तिरपा घेतला होता. बाकीच्या बायका पानावर पत्रा ठेवून त्याच्या मापाने कापत. राहीबाईला पत्र्याचा राग. ती नजरेने कापायची, आणि तो तिरपा कोपरा साऱ्या कारखान्यात तिच्या एकटीचा होता. तिने तो एकीला शिकवला होता, हे मात्र कुणाला आठवलं नाही.

"राहीबाई," मालनबाईचा आवाज चढला, "सून आमास्नी म्हनती मान्य करा, आन् तुमी घरच्याच पान कापता?"

राहीबाईने पान हातात घेतलं. कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. मग सुनेकडे पाहिलं. विजयमालाचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. पुढारणीनेच पान कापलं, असं कळलं असतं तर त्या सत्तावन्न जणींना आपण फसलो असं वाटलं असतं, आणि करार तिथल्या तिथे मोडला असता. तरी ती उठलीच.

"मालनमावशी, त्ये पान—"

"माझं हाय!" राहीबाई ओरडली. "व्हय, मीच कापलं. म्हातारपनी मानसाला आपल्यापुरतंच दिसतं. चुकलं माझं."

कुणीतरी मागून म्हणालं, "जाऊ द्या, तिचं बी पोट हाय." ती दया राहीबाईने मान खाली घालून घेतली. करारावर सह्या आणि अंगठे झाले.

दोघी घरी निघाल्या. ऊन अजून कडक होतं. पोस्टापाशी विजयमालाला रडू आवरेना. उद्यापासून आपण कारखान्यात आणि ही म्हातारी असल्या थकल्या बोटांनी खडीवर, एवढंच तिच्या डोळ्यांपुढे होतं.

"आत्याबाई, माझा हातच चालंना. तुमचं नाव पुसायचं पान मी कसं टाकू?"

राहीबाई थांबली. तिने पदराने सुनेचं तोंड पुसलं. मूठ उघडून ते पान पुन्हा एकदा नीट पाहिलं. कापात काही खोट नव्हती.

"उद्यापास्नं पत्रा ठिवून कापत जा," ती म्हणाली. "लई माझ्यासारखं कापतीस."