रिकाम्या टाकीतलं खाणं

मला बशीसारखे गोल, रंगीत डिस्कस मासे पाळायचे होते. अकोल्यातले मासेवाले शाकीबभाई म्हणाले, "घाई नका करू, ताई. आधी रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाणं टाका. ते तळाशी सडलं, का माशांसाठी पानी तयार होते. मंग मासे निवडू. जो हाताकडे धावून येते, तोच निरोगी."

मी रोज खाणं टाकत होते, पण एकही दाणा तळाशी पोचत नव्हता; मधल्या पाण्यातच नाहीसा व्हायचा.

शाकीबभाई भरदुपारी पाणी बघायला आले. त्यांनी काचेवर तळहात टेकवला.

टाकीत मी लावलेल्या पाणवनस्पतींची दाटी मधोमध दुभंगली. दोन्हीकडची पानं एकामागून एक बाजूला होत गेली, थेट त्यांच्या हातापर्यंत.

शाकीबभाईंनी हात काढला नाही. हलकेच म्हणाले, "दुसरे काहून घेता, ताई? हे समदे ठणठणीत हायेत."