लाहा

मिशनच्या फाटकाशी आम्ही कुदळी-फावडी घेऊन उभे राहिलो, तेव्हा जळगावच्या पाळकसाहेबांचा चेहरा पडला. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते कॉलेजची पोरं घेऊन सातपुड्यातल्या आमच्या पाड्यावर विहीर खणायला आले होते. पावसाआधी पाणी काढून देऊ, असं प्रार्थनेतच सांगून बसले. मग कातळ लागला, सुट्टी संपली आणि अर्धी विहीर टाकून ते गेले. "माफ करा भाऊ," आता ते म्हणाले, "आमच्याच्यानं झालं नाही. पुढच्या सुट्टीत..." आमच्यातल्या भुरानं त्यांना थांबवलं. "नाना, विहिरले पानी लागनं! निम्मी तुमी खंदी, निम्मी आमी. आते तुमनी लाहा फेडाले उनूत." आमच्याकडे एकाच्या कामाला सगळा पाडा राबतो, त्याला लाहा म्हणतात. राबणाऱ्याच्या दारी जाऊन राबल्याशिवाय ती फिटत नाही. "छे, छे! ती सेवा होती. परत काही नको." भुरानं कुदळ खाली ठेवली. "आमले भिकारी समजनात का, नाना?" तेवढ्यात आमच्याबरोबर आलेल्या जिवलीनं फाटकातून आत डोकावलं. "देखा वं बाई! यासनी सोतानी भिंत पडेल शे, अन् आमनी विहीर खंदाले उना व्हतात!" आम्ही हसलो. साहेबही हसले, आणि हसता हसता त्यांनी फाटक उघडलं. "भिंत उचलून द्याल का, भुराभाऊ?" पाड्यावर असताना त्यांनी आमच्याकडे चिमूटभर मीठसुद्धा मागितलं नव्हतं. आज अख्खी भिंत मागितली.