रेनोचं यंत्र

"गेल्या हिवाळ्यातलं पेट्रोल टाकीत तसंच सडत ठेवलंयस. म्हातारा झालास, रेनो," बर्फ उडवायच्या यंत्रापाशी, स्नोब्लोअरपाशी वाकलेला शेजारी डेल कुरकुरला.

"एप्रिलात माझीच टाकी उघडून बसले होते रे डॉक्टर," खुर्चीतून रेनो म्हणाला, आणि सगळे हसले.

वीस वर्षं रेनोच गल्लीतल्या चारही घरांपुढचा बर्फ उडवून द्यायचा. हृदयाच्या ऑपरेशननंतर मात्र डॉक्टरांनी त्याला जड काही ढकलायला साफ मनाई केली होती. आता ऑक्टोबर सरताना तिन्ही शेजारी आपणहून त्याच्या गॅरेजमध्ये जमले. डेलनं तेल आणि प्लग बदलला, कर्टनं नवा पट्टा चढवला. ब्रेंडानं तर बटण दाबलं की सुरू होणारा स्टार्टर आणून बसवला, दोरी ओढायची कटकट नको म्हणून.

कॉफी ओतता ओतता रेनोच्या बायकोचे, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या लेम्पीचे डोळे भरून आले. नवरा कुणाचं न ऐकता पुन्हा यंत्रामागे उभा राहील, या धास्तीनं तिची सहा महिने झोप उडाली होती. उगाच घाबरलो आपण, माणसं चांगली आहेत, असं तिला वाटलं. वेलचीचा पाव पुढे करत तिनं विचारलंच, "मग यंदा तुमच्यापैकी कोण चालवणार?"

 ब्रेंडानं पावाचा तुकडा उचलला आणि यंत्राकडे बोट दाखवलं.



"अगं, तूच की, लेम्पी. मुठी तुझ्या उंचीला खाली घेतल्यात बघ."