चार बोटांची कड

"ताण द्या, बाई, फीत ढिली पडतेय," मोजणीवाली ओरडली.

फितीचं दुसरं टोक धरलेल्या क्रीडाशिक्षिकेने टाच रोवली आणि मागे झुकली. ऊन चढायच्या आत संपवायचं होतं. पोलादी फीत तापली की लांबते, मग आकडा खोटा येतो.

शिक्षिकेचे वडील ट्रॅकच्या आतल्या सिमेंटच्या कडेवर बसून बघत होते. या मैदानाची तीस वर्षं देखभाल त्यांनी केली होती आणि निवृत्त झाले तरी रोज येत. सगळे त्यांना काका म्हणत. आज त्यांनी चहासुद्धा नको म्हटला होता. त्यांची नजर फितीवर कमी आणि पॅव्हेलियनच्या भिंतीवर जास्त होती. तिथे एकवीस वर्षांपूर्वीच्या रंगात लिहिलं होतं: मुली, आठशे मीटर, २ मिनिटं ८.६ सेकंद, राज्यविक्रम. खाली त्यांच्या मुलीचं नाव.

क्रीडा खात्याचे साहेब घड्याळ बघत फेऱ्या मारत होते. बाहेरच्या मोठ्या स्पर्धा आपल्या राज्यात याव्यात म्हणून सरकारने निधी काढला होता. त्यातून राष्ट्रीय स्पर्धा या शहराला मिळणार होती; फक्त ट्रॅकच्या लांबीचा दाखला हवा होता.

"हॉटेलवाले रोज फोन करतायत," साहेब म्हणाले. "चारशे मीटरला चारशे मीटर लिहायला दोन दिवस लागतात होय?"

"चारशे आहे का, तेच बघतेय, सर."

"आणि कमी भरला तर?" काकांनी विचारलं.

"तर त्याच्यावरचे विक्रम रद्द होतात."

"भिंतीला रंग काढायचाच आहे तसाही," साहेब हसून म्हणाले. काका हसले नाहीत.

मोजणीवालीने बेरीज केली. मग परत केली.

"कमी नाही. जास्त आहे. त्रेसष्ट सेंटीमीटर."

"जास्त!" काकांनी धरून ठेवलेला श्वास सोडला. "म्हणजे विक्रम राहिला?"

"राहिला की."

"बघा! मापात पाप आपण कधी केलं नाही."

साहेबांचा चेहरा मात्र उतरला; जास्त भरला तरी दाखला अडणारच होता. मोजणीवालीचं लक्ष दोघांकडेही नव्हतं. नेमके त्रेसष्टच का, हे तिला स्वस्थ बसू देईना.

"काका, आखताना आतल्या रेघेपासून किती अंतर सोडून मोजलं होतं?"

"वीस सेंटीमीटर. पुस्तकात बघून, तीनदा मोजलं."

"बरोबर. नुसती रेघ असेल तर वीसच. पण ही कड?"

"ती नंतरची." काकांनी बसल्या जागी सिमेंटवर थाप मारली. "हिच्या शर्यतीच्या आधी आठ दिवस मीच बांधली. चार बोटं उंच. म्हटलं, कुणी आतून घुसून माझ्या पोरीला दगा द्यायला नको."

"कड उंच असली की माणूस ठेच लागेल म्हणून जरा लांबून पळतो. म्हणून मग तीसवर मोजायचं असतं. दहा सेंटीमीटर बाहेर सरकलं की फेरी त्रेसष्टने वाढते."

"म्हणजे कड फोडली की चारशे?" साहेबांनी विचारलं.

"बरोबर चारशे."

"मग उद्याच फोडतो!" साहेबांनी खिशातून फोन काढला.

काकांना आता हसू आवरत नव्हतं. "म्हणजे ही बया दोन फेऱ्यांत सव्वा मीटर फुकटची जास्त पळाली! आणि वर विक्रम!"

मोजणीवालीही हसली. मग काकांचं हसू मध्येच थांबलं.

ते भिंतीकडे बघत होते. त्या दिवशी मुलगी पहिली आली होती, विक्रमही झाला होता, पण राष्ट्रीय संघात जायला २ मिनिटं ८.५ सेकंदांची वेळ लागत होती. तो आकडा भिंतीवर नव्हता. काकांना पाठ होता. पुन्हा त्या वेळेच्या जवळ ती कधी पोचली नाही.

"मॅडम," ते हळूच म्हणाले, "सव्वा मीटर पळायला हिला किती वेळ लागत असेल हो?"

मोजणीवालीच्या डोक्यात उत्तर आधीच तयार होतं. दोन दशांश सेकंद. तिने शिक्षिकेकडे पाहिलं. शिक्षिका फीत गुंडाळत होती. तिने मान वर केली नाही.

"आता विचाराल तर अर्धा तास, बाबा," ती म्हणाली. "गुडघे बघा माझे."

काका उठून उभे राहिले. चुकून दुसऱ्याच्या जागेवर बसल्यासारखे, घाईने. कुठे उभं राहावं तेही त्यांना कळेना.

साहेब फोनवर सांगत होते, "नाही नाही, हातोडीने नाही निघायची. घण आणा."

शिक्षिकेने गुंडाळलेली फीत मोजणीवालीच्या हातात दिली, येऊन कडेवर बसली आणि शेजारची जागा हाताने पुसली.

"बसा ना, बाबा," ती म्हणाली. "पक्की बांधलीत तुम्ही."