ताईचा रिपोर्ट

"आण इकडे. तू लिहीत बसलीस तर संध्याकाळ होईल," म्हणत धाकट्यानं ताईच्या हातातला फॉर्म काढून घेतला आणि लॅबच्या काउंटरवर कोपर टेकून भराभर भरायला लागला. वय त्रेपन्न, स्त्री. आईला कोणता आजार होता, ते त्यानं ठसठशीत लिहिलं. बाकीच्या रकान्यांत वरपासून खालपर्यंत 'नाही'वर खुणा करत सुटला.

"माझं लहानपणचं आजारपण लिही की त्यात," ताई म्हणाली.

"चाळीस वर्षं झाली त्याला. ते पुराण कशाला?"

एरवी ते पुराण लावायला त्याला भारी आवडायचं. ताईसाठी आपण नवव्या वर्षी दवाखान्यात पालथं पडून कमरेत सुया टोचून घेतल्या, हे तो घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवायचा. "मी नसतो तर ताई आज भिंतीवरच्या फोटोत असती," असं म्हणून वर हसायचा. ताईही हसायची. दुसरं काय करणार बिचारी?

फॉर्मखाली नातेवाईक म्हणून त्यानं सही ठोकली. ती जरा वेडीवाकडीच आली. गेल्या महिन्यात बँकेनंही त्याचे दोन चेक सही जुळत नाही म्हणून परत पाठवले होते. बँकेतल्या कारकुनांना आता आपल्याच दुकानातून चष्मे दिले पाहिजेत, असं तो म्हणाला होता.

चष्म्यांचं दुकान आईनं काढलेलं. पुढे गिऱ्हाईक धाकटा बघायचा. मागच्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम तीस वर्षं ताईचं होतं. लग्न केलं नाही, संसार नाही. तिचं जे काही होतं ते त्या खोलीतलं यंत्र आणि खिडकीजवळचं स्टूल.

पन्नाशी उलटल्यावर आईचे हात आपोआप हलायला लागले. मग बोलणं गेलं, मग माणसं ओळखेनाशी झाली. हे आईकडून मुलांत येऊ शकतं, निम्मी शक्यता, औषध नाही, असं डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. दोघं त्या विषयाकडे पाठ फिरवून जगत आली. पण मागे ताईच्या हातून दोन काचा पडल्या आणि धाकट्यानं तपासणीचा घोशा लावला. होणारा जावई काचांच्या कामात तरबेज होता आणि त्याला बसायला ती खोली हवी होती, हे मात्र धाकटा कुणाजवळ बोलला नाही.

"आलोच आहोत तर तूही देऊन टाक रक्त," ताई म्हणाली.

"मला कसली धाड भरलीय? पोरीचं लग्न तोंडावर आलंय. मला नको असली भानगड."

तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला. समुपदेशक बाईंनी दोघांना आत बसवलं आणि दार लावून घेतलं.

"दोष सापडलाय," त्या हळू म्हणाल्या. "आईंना होता तोच. इथे आम्ही तेवढा एकच जीन पाहिलाय. पक्कं करायला पुन्हा रक्त घेऊ आणि या वेळी सगळा डीएनए वाचून बघू."

ताई रडली नाही. तिनं आपले दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली.

धाकट्याला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्याहून जास्त हायसं वाटलं. निम्मी शक्यता म्हणजे दोघांतल्या एकाला, असं त्याचं साधं गणित होतं. ताईला आलं, म्हणजे आपण सुटलो.

दुसऱ्या रिपोर्टाची त्यानं वाट पाहिली नाही. त्याच आठवड्यात तो ताईसमोर जाऊन बसला.

"तुझ्याच भल्यासाठी सांगतो. उद्या यंत्रात बोट गेलं तर? चाव्या दे. आणि लग्नात जरा मागेच बस. लोक शंभर प्रश्न विचारतात."

ताईनं पदराच्या टोकाला बांधलेल्या चाव्या सोडून दिल्या. "सकाळी नुसती येऊन बसले तर चालेल?" तिनं विचारलं. "कशाला हात लावणार नाही."

"बघू," धाकटा म्हणाला. त्या 'बघू'चा अर्थ दोघांनाही कळत होता. सोमवारी जावई तिच्या स्टुलावर बसला.

महिन्यानं लॅबमधून फोन आला: दोघंही या. समुपदेशक बाईंपुढे या वेळी कागदांचा गठ्ठा होता.

"एक विचित्र गोष्ट झालीय," त्या ताईला म्हणाल्या. "सगळा डीएनए वाचला, तर नमुना पुरुषाचा निघाला."

धाकटा खुर्चीत पुढे सरकला. ताईला चाव्या परत द्याव्या लागतात की काय, हेच त्याच्या मनात आधी आलं. "नळ्या बदलल्या असतील तुमच्या."

"आम्हालाही तेच वाटलं. म्हणून पहिली नळी काढून तीही वाचली. ते रक्तही पुरुषाचंच, आणि त्याच माणसाचं. दोष दोन्हींत आहे." बाईंनी गठ्ठ्यातून ताईचा जुना फॉर्म वर काढला. "इथे सगळीकडे 'नाही' लिहिलंय. तरी विचारते. लहानपणी तुम्हाला रक्ताचा काही आजार झाला होता? कुणाचा बोन मॅरो बसवला होता?"

"हो. बारा वर्षांची होते मी."

"मग तरीच." बाईंनी चष्मा काढला. "तो बसवला, की पुढे जन्मभर शरीरात त्या देणाऱ्याचंच रक्त तयार होत राहतं. हा रिपोर्ट तुमचा नाहीच. तुमच्या कातडीचा नमुना घेऊन नव्यानं बघावं लागेल. पण ज्यानं तुम्हाला मॅरो दिला, त्याला आजच कळवायला हवं. कोण होतं ते?"

ताईनं धाकट्याकडे पाहिलं.