इंग्रजीतलं शेण

"शिट!"

सकाळपासूनची ही चौथी खेप. अंगणात मेथीच्या जुड्या बांधणाऱ्या सुभद्राबाईंचा हात थांबला. आत त्यांची सून कंप्युटरपुढे बसली होती. घरूनच कंपनीचं काम करायची. आणि नेमकं "अनुपमा, चहा ठेवू का?" असं विचारलं, की आतून हा शब्द यायचा. सुभद्राबाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. आपल्यालाच म्हणते ही!

जुड्या चिखलीच्या बाजारात न्यायला टेम्पोवाला अविनाश आला, तसं त्यांनी त्याला बाजूला घेतलं.

"बारावी शिकला ना तू? शिट म्हंजे काय रे?"

अविनाश हसला. "शेन, काकू. जनावराचं म्हना, मानसाचं म्हना."

"मंग शिवी झाली ना!"

"हाय बी आन नाई बी. गाडी चुकली, शिट. चहा सांडला, शिट. लोकं कोनाले नाही म्हनत, असंच म्हनतेत."

"चहा सांडला तं शेन काऊन आठवते?"

जुड्या उचलून अविनाश निघून गेला.

सुभद्राबाई मात्र तिथंच. कोणाला उद्देशून नाही, म्हणजे पोरगी स्वतःशीच म्हणते! दिवसातून चार-चारदा शेण शेण म्हणणाऱ्या बाईनं ते खाल्लंच असणार. महिना झाला, जेवताना मान वर करत नव्हती. फोन वाजला की दार लावून घ्यायची. आपल्या लेकाचा, साध्याभोळ्या गोपालचा संसार डोळ्यांपुढे आला. त्या तडक आत गेल्या.

"खरं सांग अनुपमा, काय शेन खाल्लं तू?"

अनुपमाचा चेहरा पांढराफटक पडला. "आई... तुमाले कोनं सांगतलं?"

कोणीच काही सांगितलं नव्हतं. पण सुभद्राबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"महिना झाला, कंपनीनं मले कामावरून काढून टाकलं. काही चूक नव्हती हो माही! रोज दुसरीकडं अर्ज करून राह्यली, रोज नकार येते. ह्यायले सांगाची हिंमत नाही झाली. तुमी चहा विचारता तं आनखीच लाज वाटते..." तिनं ओढणीत तोंड खुपसलं.

काय काय मनात आणलं होतं आपण! सुभद्राबाईंना स्वतःचीच शरम वाटली. त्यांनी सुनेच्या तोंडावरची ओढणी ओढून काढली.

"शेन तं कंपनीनं खाल्लं. तू काऊन तोंड लपवून राह्यली?"